एक दामिजाना भरून आणणे

मिल्टोसचं खरं नाव मिल्तियादिस. नाव सेनापतीचं, पण ज्याला ते ठेवलं त्याने उभी हयात अथेन्सच्या पाणीपुरवठा खात्यात मीटरचे आकडे तपासण्यात घालवली. निवृत्त झाला तेव्हा तो उपविभागप्रमुख होता. ही पदवी दाराबाहेरच्या पाटीवर लावायला बायकोने, इव्हांथियाने, साफ मनाई केली. म्हणून ती पाटी आतल्या बाजूला, कोट अडकवायच्या खुंटीशेजारी लावलेली आहे. आलेला माणूस कोट काढताना ती वाचतोच.

अशा जबाबदार माणसाने एका रविवारी जेवताना, कोणी विचारलेलं नसताना, म्हटलं, "मी आणतो."

झालं होतं असं, की त्याचे वडील, बार्बा-स्तामातिस (बार्बा म्हणजे काका, सगळे त्यांना तसंच म्हणत), हिवाळ्यात आई गेल्यापासून अथेन्सच्या किप्सेली भागातल्या या फ्लॅटवर राहायला आले होते. शहरात ट्रॉलीबस चालवून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर सगळ्या अथेन्सला वेळेवर पोचवलं, आणि आता खोलीतून जेवणाच्या टेबलापर्यंत यायलाही तयार नसत. ताट आत जायचं आणि बरंचसं तसंच बाहेर यायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "आजार काही नाही. पण यांना पुढचं काहीतरी दिसायला हवं." मिल्टोसने लगेच चष्मा बदलून आणला. डॉक्टरांना तसं म्हणायचं नव्हतं हे इव्हांथियाने त्याला नंतर सांगितलं.

त्या रविवारी म्हातारा कसाबसा टेबलावर आला होता. मिल्टोसने दुकानातून आणलेली महागाची बाटली उघडली. वडिलांनी एक घोट घेतला आणि ग्लास शिष्टाचाराने दोन बोटं दूर सरकवला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "खोकल्यावर देतात तशी आहे."

"मग तुम्हाला कुठली हवी, बाबा?"

"मला काही नको. असिमिनाकडची असती, तर गोष्ट वेगळी. संत दिमित्रीच्या दिवशी तिची असती, तर बसलो असतो मी टेबलावर."

तिथे मिल्टोस म्हणाला, "मी आणतो."

किरा-असिमिना, म्हणजे असिमिनाबाई, ही मेसोगियातल्या एका गावची द्राक्षमळेवाली. अथेन्सच्या इमितोस डोंगरापलीकडे, आता जिथे विमानं उतरतात, तिथे तेव्हा नजर जाईल तिथवर द्राक्षांचे बुटके वेल होते. दर ऑक्टोबरात, संत दिमित्रीच्या सुमाराला नव्या वाइनची पिंपं उघडली, की स्तामातिस बायको आणि पोराला घेऊन तिच्याकडे जायचा. बरोबर दामिजाना असायची: वेताच्या विणीत बसवलेली, पोटाळ, हिरव्या काचेची अजस्र बरणी, उचलायला खांद्यावर कापडी पट्टा. ती भरून यायची रेत्सिनाने, म्हणजे पाइनच्या झाडाची राळ घातलेल्या वाइनने. ती वर्षभर पुरायची. आई दरवर्षी पहिला घोट घेऊन म्हणायची, "यंदा बिघडली." बाबा म्हणायचे, "दरवर्षी बिघडते." मग सगळे जेवायला लागायचे. हे झाल्याशिवाय त्या घरात हिवाळा सुरू झाला असं कोणी मानत नसे.

लहानपणी मिल्टोसला या सफरीतलं एक कोडं मात्र कधी सुटलं नाही. ते रिकामी दामिजाना घेऊन अंगणात शिरायचे. किरा-असिमिना त्याच्या हातात पाव आणि चीज द्यायची. तो पाव संपतो न संपतो तोच दामिजाना भरून गाडीत ठेवलेली असायची. रांग नाही, नरसाळं नाही, थेंबभर सांडलेलं नाही. पुढे खात्यात कुठल्या नळातून किती वेळात किती पाणी पडतं हे तो झोपेतही सांगू शकायचा, पण त्या दामिजानाचं गणित काही बसलं नाही. शेवटी लहानपणी पावसुद्धा मोठे असतात, असं म्हणून त्याने ते प्रकरण बंद केलं.

मग आईचे गुडघे गेले, गाडी विकली, मिल्टोसचं ऑफिस, त्याची मुलं, मुलांच्या परीक्षा. जायचं राहिलं. दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" असं ठरायचं आणि ठरवण्याचं समाधान मिळायचं.

सोमवारी सकाळी मिल्टोसने असिमिनाच्या मळ्यावर, म्हणजे आताच्या वायनरीत, फोन लावला. पूर्वी फोन उचलला की पलीकडून कोंबड्या ऐकू यायच्या. आता वाद्यसंगीत ऐकू आलं आणि नंतर एक गोड, तरुण आवाज.

"नमस्कार, मी दानाई. आपल्याला टूर हवी की टूर आणि टेस्टिंग?"

"मला एक दामिजाना भरून हवी आहे."

"सुटी वाइन आम्ही देत नाही, सर. आजोबांच्या वेळी देत होतो. आता फक्त टूर आणि टेस्टिंग. त्यानंतर आपण बाटल्या घेऊ शकता."

"मला बघायचं नाहीये, बाई. मला भरायचं आहे."

"आधी बघावं लागतं, सर. बुकिंग वेबसाइटवर. कमीत कमी सहा जण."

"आणि रेत्सिना?"

पलीकडे क्षणभर असा आवाज आला, जणू त्याने सभ्य घरात विचारू नये ते विचारलं. "ती आम्ही बनवत नाही, सर."

फोन ठेवल्यावर कोणाही शहाण्या माणसाने वडिलांच्या खोलीत जाऊन सांगितलं असतं, की बाबा, ते दिवस गेले. मिल्टोस गेलासुद्धा. पण आत म्हातारा पलंगाच्या कडेला बसून स्वतःच्या बुटांना पॉलिश करत होता. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच.

"काय म्हणाली असिमिना?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"या म्हणाली," मिल्टोस म्हणाला, आणि बाहेर येऊन सहा जणांचं बुकिंग करायला बसला.

वेबसाइट प्रत्येक पाहुण्याचं नाव, वय आणि वाइनचा अनुभव विचारत होती. अनुभवाला तीनच पर्याय: नवशिके, जाणकार, तज्ज्ञ. वडिलांपुढे त्याने 'तज्ज्ञ' निवडलं, स्वतःपुढे बराच विचार करून 'जाणकार'. "माझ्यापुढे नवशिकी का?" म्हणून इव्हांथिया रुसली. एवढं होऊन माणसं तीनच झाली.

कमी पडणारी माणसं इमारतीनेच पुरवली. मिल्टोसने कोणाला काही सांगितलं नव्हतं, पण त्याने बाल्कनीतून दामिजाना आत आणली आणि ती लिफ्टच्या दारातून दिसली. तेवढं पुरलं. आईच्या पश्चात ती दामिजाना या घरी आली होती आणि बाल्कनीत कुंड्यांमागे उभी होती. खांद्याचा पट्टा निळ्या चौकड्यांचा, धुऊन धुऊन पांढुरका झालेला. त्याच्या एका कडेला कसलासा तपकिरी डाग. बूच कधीतरी आत पडलं होतं.

सगळ्यात आधी आल्या वरच्या मजल्यावरच्या पोलिक्सेनीबाई. "अगो इव्हांथिया, ही उकळत्या व्हिनेगरने धुवायची, बरं का. आणि वाळू घालून खळखळवायची. नाहीतर वाइन मरते."

त्यांच्या पाठोपाठ आले सारांडिस. ते इमारतीचे व्यवस्थापक. जिना कोणी पुसायचा आणि हीटर कधी लावायचा हे त्यांच्या हातात. त्याआधी ते सैन्यात कोठारावर होते, आणि सैन्याच्या कोठारात जे जे येतं त्याचं ज्ञान त्यांना आपोआप झालेलं होतं. "व्हिनेगर? वेड लागलंय का? सोडा! आणि ते बूच आधी काढा. बाजूला व्हा."

आत पडलेलं बूच काढायची जुनी युक्ती आहे. तोंडातून रुमाल आत सोडायचा, भांडं तिरपं करून बूच रुमालावर आणायचं आणि झटक्यात ओढायचं. सारांडिसनी खिशातून स्वतःचा रुमाल काढला. निवृत्तीच्या समारंभात मिळालेला, कोपऱ्यात त्यांचं नाव रेशमाने भरलेलं. रुमाल आत गेला. बूच रुमालावर आलं. मग सारांडिसनी ओढलं, मिल्टोसने सारांडिसना ओढलं, आणि त्यांच्या हातात रुमालाची चिंधी आली. नाव असलेला कोपरा बुचासकट आत राहिला.

सारांडिसनी चिंधी घडी करून खिशात घातली.

"काच फोडावी लागेल," सारांडिस म्हणाले.

"वडिलांची आहे," मिल्टोस म्हणाला.

"आणि आत नाव माझं आहे!"

शेवटी तडजोड झाली. सारांडिस स्वतः आपली गाडी घेऊन बरोबर येणार, वायनरीत अवजारं असतीलच, तिथे रुमाल निघेल. पोलिक्सेनीबाई म्हणाल्या, गाडी जातेच आहे तर मीही येते. मला बघायचंय तिथे व्हिनेगर वापरतात की सोडा. माणसं पाच झाली. सहाव्या रकान्यात मिल्टोसने थोडं घुटमळून 'दामिजाना' असंच लिहिलं, वय साठ, अनुभव तज्ज्ञ. यात खोटं काहीच नव्हतं.

संत दिमित्रीच्या आदल्या दिवशी ते निघाले. पुढे सारांडिस आणि बार्बा-स्तामातिस, मागे दोन बायका आणि मधे मिल्टोस. त्याच्या मांडीवर दामिजाना. पोटाळ वस्तू मांडीवर घेऊन, तिला दोन्ही हातांनी कवटाळून बसलेल्या साठीतल्या पुरुषाला प्रतिष्ठा राखणं किती अवघड असतं, हे अनुभवाशिवाय कळत नाही. टोलनाक्यावरच्या मुलीने आत डोकावून विचारलं, "कितवा महिना?"

त्याआधी, किप्सेलीतून बाहेर पडायच्या आतच, बार्बा-स्तामातिसनी हात वर केला होता. "इथे थांबव."

"इथे थांबायला बंदी आहे," सारांडिस म्हणाले.

"मी इथे ट्रॉली थांबवत होतो."

"ट्रॉली आणि गाडीत फरक असतो, बार्बा!"

"असतो. ट्रॉली चालवायला यावी लागते."

गाडी थांबली. म्हातारा उतरून कॉफी दळून देणाऱ्या एका दुकानात गेला. बराच वेळ आलाच नाही. मागे हॉर्न वाजू लागले, एका टॅक्सीवाल्याने सारांडिसच्या आईची चौकशी केली, पोलिक्सेनीबाईंनी खिडकीतून त्याच्या आईची. अखेर बाबा कोटाच्या खिशात एक पुडकं घालून परत आले. गाडीभर ताज्या कॉफीचा वास पसरला. "बाबा, घरी कॉफी आहे की," मिल्टोस म्हणाला. म्हाताऱ्याने खिशावर हात ठेवला.

यामुळे ते उशिरा पोचले. पूर्वीच्या अंगणात आता पांढरी खडी होती आणि तिच्यावर चालताना माणूस चोरी करायला आल्यासारखा आवाज होत होता. कोंबड्यांच्या जागी लव्हेंडरची झुडपं. दारात दानाई उभी होती, किरा-असिमिनाची नात. हातात टॅब्लेट, चेहऱ्यावर हसू. तिच्याजवळ एक उंच डच जोडपं नम्रपणे वाट बघत होतं.

"सहा जण ना?" दानाईने विचारलं. "सहावं कोण?"

मिल्टोसने दामिजाना थोडी वर उचलली.

दानाईचं हसू जागच्या जागी राहिलं. "बाहेरची भांडी आत नेता येत नाहीत, सर. स्वच्छतेचा नियम आहे."

"मी तीस वर्षं सरकारी खात्यात होतो," मिल्टोस म्हणाला. "उपविभागप्रमुख. नियम मला सांगू नका."

"मग आपल्याला माहीत असेलच," दानाई म्हणाली, आणि दामिजाना गाडीत परत गेली.

टूर मळ्यापासून सुरू झाली. दानाई मातीबद्दल, वाऱ्याबद्दल, रात्रीच्या गारव्याबद्दल बोलत होती. मुलगी हुशार होती आणि मनापासून बोलत होती. तिचं ऐकायला मिल्टोसलाही आवडलं असतं, पण डोक्यावरून दर थोड्या वेळाने विमान जायचं आणि सगळे वर बघायचे. बार्बा-स्तामातिस मात्र खाली बघत होते.

"इथे तुझी आई पडली होती," ते मिल्टोसला म्हणाले. "या वेलापाशी. हसून हसून."

"कशाला हसली होती?"

"ते आता कोण सांगणार?"

तेवढ्यात पोलिक्सेनीबाईंना वेलांचं कौतुक वाटलं. "काय सुंदर, काय देखणी झाडं!" असं म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे वेलावर तीनदा थुंकल्यासारखं केलं: फ्तू, फ्तू, फ्तू. डच जोडप्याने एकमेकांकडे पाहिलं. टेस्टिंगमध्ये थुंकतात हे ते वाचून आले होते. ते इथपासूनच सुरू होतं हे त्यांना माहीत नव्हतं. दोघंही पुढे झाले आणि अतिशय गांभीर्याने, खरंखुरं, तीन तीनदा वेलावर थुंकले.

"संस्कारी माणसं आहेत," पोलिक्सेनीबाई म्हणाल्या.

टेस्टिंगच्या खोलीत प्रत्येकापुढे चार ग्लास आणि मधे एक चकचकीत बादली होती. दानाईने पहिली वाइन ओतली. "यात तुम्हाला लिंबाचं फूल जाणवेल. आणि पावसात भिजलेला दगड."

"जाणवतोय," सारांडिस डोळे मिटून म्हणाले. "संगमरवर."

"दगड कधी चाटलात हो तुम्ही?" पोलिक्सेनीबाईंनी विचारलं.

"सैन्यात सगळं करावं लागतं."

दानाईने बादलीकडे हात केला. "गिळायची नसेल तर इथे टाकू शकता."

बार्बा-स्तामातिसनी बादलीत वाकून पाहिलं. "पोरी, वाइन टाकायची असेल तर तुमच्या आजोबांनी पाय कशाला दुखवून घेतले तुडवताना?" असं म्हणून त्यांनी आपले चारही ग्लास क्रमाने पूर्ण रिकामे केले. प्रत्येकानंतर "छान आहे" म्हणाले. मिल्टोसला ते 'छान' ओळखीचं होतं. शाळेत असताना त्याने काढलेल्या चित्रांना बाबा असंच छान म्हणायचे. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बुटांचं पॉलिश खडीच्या धुळीने पांढरं झालं होतं.

इव्हांथियाने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "विचार ना तिला."

"विचारलं फोनवर. नाही म्हणाली."

"आता तोंडावर विचार."

मिल्टोस उठला, गळा साफ केला आणि खात्यात अर्ज फेटाळताना जो आवाज वापरायचा त्या आवाजात म्हणाला, "दानाईबाई, रेत्सिना ज्या पिंपात असायची ते पिंप कुठे आहे?"

"तेच पुढे दाखवणार आहे," दानाई उत्साहाने म्हणाली. "आमचा वारसा कक्ष!"

वारसा कक्ष म्हणजे जुनी पिंपांची खोली. मिल्टोसने ती वासावरून ओळखली. भिंतींना रंग दिला होता, पण राळेचा वास रंगाखालून येत होता. एक नांगर, एक टोपली, द्राक्षं तुडवायची लाकडी परात. आणि मधोमध, उंच पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिव्याचा झोत सोडलेली, एक दामिजाना. निळ्या चौकड्यांचा पट्टा. कडेला तपकिरी डाग.

मिल्टोसला आधी वाटलं, सारांडिसनी गाडीतून आणून ठेवली.

"ही आमची सर्वात मौल्यवान वस्तू," दानाई सांगत होती. "जवळजवळ शंभर वर्षांची असावी. नगरपालिकेच्या वारसा योजनेत हिची नोंद आहे. हा पट्टा बघा. निळ्या चौकडीची ही वीण या भागातली जुनी परंपरा. आणि हा त्रिकोणी तपकिरी आकार म्हणजे आपला इमितोस डोंगर. बायका पट्ट्यावर डोंगराची खूण करत, वाइनचं रक्षण व्हावं म्हणून."

डच बाईने फोटो काढला.

"इस्त्री आहे ती," बार्बा-स्तामातिस म्हणाले.

सगळे वळले. म्हातारा पुढे आला होता आणि त्याने पट्ट्यावर हात ठेवला होता.

"आजोबा, प्लीज, हात लावू नका. नोंद केलेली वस्तू आहे."

"माझी आहे."

"म्हणजे, तुमच्याकडे अशीच होती का?"

"अशीच नव्हे. हीच. हा आमच्या स्वयंपाकघरातला पडदा. याचं बारसं होतं त्या दिवशी," त्यांनी उपविभागप्रमुखाकडे बोट केलं, "माझी बायको, झाखारूला, पडद्याला इस्त्री करत होती, हा रडायला लागला, ती पळाली, इस्त्री तिथेच राहिली. पडदा गेला. मग तिने फाडून दोन पट्टे केले. दोन दामिजानांना दोन."

"दोन?" मिल्टोस म्हणाला.

"दोन नाही तर काय? एक घरी, एक इथे. आपण रिकामी आणायची, ती भरलेली तयार ठेवायची. द्यायची आणि घ्यायची. सगळ्यांचं तसंच होतं. तुला काय वाटलं, तू पाव खाईपर्यंत एवढी मोठी भरायची?"

मिल्टोसला हेच वाटलं होतं. पण ते कबूल करायची ही वेळ नव्हती. तो खडीवरून अक्षरशः धावत गाडीपर्यंत गेला आणि सहाव्या पाहुण्याला मिठीत घेऊन परत आला. नियम सांगायला दानाईने तोंड उघडलं होतं, पण त्याने दामिजाना चौथऱ्यावर दुसरीच्या शेजारी ठेवली आणि दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींना लावल्या. एका डागाला दुसरा डाग जुळला. दिव्याच्या झोतात, टोकापासून बुडापर्यंत, इस्त्रीचा अख्खा ठसा उमटला.

डच माणसाने टोपी काढली. त्याला ग्रीक येत नव्हतं, पण डोंगर नाही एवढं त्याला दिसलं.

"कोण आहे गं तिकडे?" खोलीच्या मागच्या दारातून आवाज आला.

"आजी, आत जा, टूर चालू आहे," दानाई घाईने म्हणाली. पण किरा-असिमिना आत आली होती. काळे कपडे, काठी, आणि पिठाने माखलेले हात. टूरच्या वेळी तिने स्वयंपाकघरातून बाहेर यायचं नाही असं ठरलेलं होतं, कारण ती पाहुण्यांना बाटल्या महाग आहेत असं सांगायची.

तिने म्हाताऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग काठी जमिनीवर आपटली.

"स्तामाती! ही वेळ झाली का यायची?"

"गर्दी होती रस्त्याला," बार्बा-स्तामातिस म्हणाले.

"पिंप उघडून ठेवलं होतं मी तुमच्यासाठी! भरून ठेवली होती दामिजाना. तिचं व्हिनेगर झालं, वाट बघून बघून. दोन वर्षं सॅलडवर घातलं आम्ही. झाखारूला कुठे आहे?"

म्हाताऱ्याने फक्त डोळे वर केले.

किरा-असिमिनाने पिठाच्या हाताने क्रूसाची खूण केली. "देव तिला विश्रांती देवो. आणि तू का नाही कळवलंस, गाढवा?"

"सांगायलाच आलोय," ते म्हणाले आणि कोटाच्या खिशातून कॉफीचं पुडकं काढलं. "तिने सांगून ठेवलं होतं. असिमिनाकडे हात हलवत जायचं नाही म्हणाली. शेवटीसुद्धा."

किरा-असिमिनाने पुडकं नाकाशी धरलं. ती बराच वेळ वास घेत राहिली, कॉफीला लागतो त्याहून जास्त वेळ. मग नातीकडे वळली. "गिऱ्हाइकाचं भांडं स्टुलावर ठेवून वरून दिवा सोडलास? लाज नाही वाटत? काढ ते खाली. घरच्या पिंपातली भरून दे."

"घरच्या पिंपात काय आहे?" मिल्टोसने विचारलं.

"काय असणार? रेत्सिना! ही दगड-फुलांची वाइन जेवणाबरोबर कोण पिणार?"

दानाईच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी तिने चौथरा धरून ठेवला. "आजी, मला द्यायची आहे गं. पण नोंद आहे हिची. नगरपालिकेची माणसं बघायला येतात. निळ्या पट्ट्याची, इस्त्रीच्या, म्हणजे डोंगराच्या डागाची एक दामिजाना चौथऱ्यावर असायलाच हवी. नसली तर योजनाच जाते आमची."

सारांडिसना काही सुचेना, पोलिक्सेनीबाईंनाही. हे इमारतीच्या इतिहासात प्रथमच घडत होतं. आणि मग निवृत्त उपविभागप्रमुख मिल्तियादिस यांनी चष्मा वर सरकवला. मीटरच्या आकड्यांत गेलेलं सगळं आयुष्य जणू या एका क्षणाची तालीम होती.

"नोंदीत काय म्हटलंय? एक दामिजाना."

"हो."

"निळा पट्टा, कडेला डाग."

"हो."

"कुठली, ते म्हटलेलं नाही."

दानाईने त्याच्याकडे पाहिलं. मग चौथऱ्यावरच्या दोघींकडे. आणि हसायलाच लागली.

"द्यायची आणि घ्यायची," किरा-असिमिना म्हणाली. "पूर्वी काय वेगळं करत होतो?"

तक्रार फक्त सारांडिसची होती. किप्सेलीची दामिजाना चौथऱ्यावर राहणार, म्हणजे रुमालही तिथेच. पण दिव्याच्या झोतात हिरव्या काचेमागे रेशमी अक्षरं उजळून निघाली आणि डच बाईने वाकून नाव वाचायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांचा विरोध मावळला. "कोणी विचारलं, तर पूर्ण नाव सांगा," ते दानाईला म्हणाले. "हुद्द्यासकट."

दामिजाना भरायला पुष्कळ वेळ लागला. बायका कॉफी पीत बसल्या. मिल्टोस नळाजवळ उभा राहून धार बघत होता. दानाईने न विचारता त्याच्या हातात पाव आणि चीज दिलं. पाव संपला तेव्हा दामिजाना पावही भरली नव्हती. गणित अखेर बसलं, आणि त्याला थोडं वाईट वाटलं.

निघताना किरा-असिमिना गाडीच्या खिडकीशी आली. "पुढच्या संत दिमित्रीला ही रिकामी घेऊन ये. यंदासारखा उशीर केलास तर दारात उभं करणार नाही."

"बघू," बार्बा-स्तामातिस म्हणाले.

"बघू नाही. ये."

दुसऱ्या दिवशी इव्हांथियाने खारवलेला मासा तळला आणि लसणाची चटणी वाटली. वरून पोलिक्सेनीबाई बटाटे घेऊन आल्या, खालून सारांडिस नुसतेच आले. बार्बा-स्तामातिस बोलावण्याआधीच टेबलावर येऊन बसले होते. मिल्टोसने ओतलं. सगळ्यांनी ग्लास वर केले, पहिला घोट घेतला, आणि थांबले.

पाइनचं झाड तोंडात उगवल्यासारखी ती आंबट, उग्र चव मिल्टोसच्या कानापर्यंत गेली. इतकी वर्षं तो जिला अमृत समजत होता ती हीच. टेबलावर शांतता होती, कारण इथे कोणीतरी काहीतरी म्हणायचं असे आणि ती खुर्ची रिकामी होती. म्हातारा ग्लासात बघत होता.

मिल्टोसने घसा खाकरला.

"यंदा बिघडली," तो म्हणाला.

वडिलांनी मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. मग ग्लास पुन्हा भरण्यासाठी पुढे केला.

"दरवर्षी बिघडते," ते म्हणाले, आणि माशाचा मोठा तुकडा स्वतःच्या ताटात ओढून घेतला. दोन घास झाल्यावर त्यांना काहीतरी आठवलं. ते सारांडिसकडे वळले. "तुझ्या गाडीचे ब्रेक ढिले आहेत. पुढच्या ऑक्टोबरच्या आत करून घे. मी तसल्या गाडीत बसणार नाही."